दोन दिवसांचा वर्ग की ऐंशी प्रश्न

समता कॉलोनी, रायपूर
४ ऑगस्ट २०२५

चि. धम्मदीप,
जय भीम.

हे पत्र लिहायला मला तुझ्या मतदानाने भाग पाडले. काल सकाळी तू घराच्या व्हॉट्सॲप गटावर 'सीएसएम करू की पीएसएम करू' असा प्रश्न टाकलास आणि खाली दोन पर्याय दिलेस. संध्याकाळपर्यंत चौदा मते पडली. तुझ्या आईने, आमच्या कांतावहिनीने, दोन्हीवर मत दिले, कोणाला वाईट वाटू नये म्हणून. बिलासपूरच्या काकांनी 'दोन्ही उमेदवारांना हार्दिक शुभेच्छा' असे लिहिले. भंडाऱ्याच्या मावशीने विचारले की मुलींची शिक्षणे काय आहेत. शेवटी सात-सात अशी बरोबरी झाली, तेव्हा तू हात जोडलेले चित्र टाकून नाहीसा झालास.

मी चौतीस वर्षे रेल्वेच्या कार्यालयात काढली. विषय माहीत नसलेल्या चौदा माणसांना मत विचारले की काय होते ते मला चांगले ठाऊक आहे. त्याला बैठक म्हणतात.

आता मला कागदावर उत्तर दे. फोन करू नकोस. फोनवर तू 'हव, हव' म्हणतोस, मागे ट्रक उलटा घेतल्याचा भोंगा वाजतो, आणि ठरलेले काहीच ठरत नाही. तुझ्या उरला औद्योगिक वसाहतीतून इथे टपालाला तीन दिवस लागतील. लागू देत, तेवढ्यात विचार होतो. ही दोन प्रमाणपत्रे कशाची आहेत, तुला कशासाठी हवीत, कोणत्या तारखेच्या आत, आणि दोन्हींत फरक काय, एवढे लिही. शोभेची चित्रे नकोत.

तुझी आत्या,
पद्मजा


उरला
८ ऑगस्ट २०२५

आत्या,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र पोस्टमननं गेटवर दिलं. सगळ्यांले वाटलं कोर्टाची नोटीस आली.

सांगतो. आमच्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये माल कधी निघाला, कोणत्या ट्रकात गेला, हे सगळं मी रजिस्टरात लिहितो. आता कंपनी ते कम्प्युटरवर आणून राहिली. त्यासाठी सात जणांची प्रोजेक्ट टीम बनणार. मॅनेजर साहेब मले म्हणाले, "रामटेके, यार्ड तू समझता है, पर कागज दिखा. तीस सितंबर तक कोई एक सर्टिफिकेट ले आ, फिर बात करेंगे." आत्या, पाच वर्षं झाले मी गेटवर आहे. तीन शिफ्ट, धूळ आणि शिट्टी. ही टीम सुटली तर मी पन्नास वर्षांचा होईन तरी शिट्टीच वाजवत राहीन.

काम करायची एक पद्धत आहे, तिले एजाइल म्हणतात. वर्षभराचा प्लॅन आधी बांधून ठेवायचा नाही. दोन-दोन हप्त्यांचं काम घ्यायचं, करून दाखवायचं, चुकलं तर बदलायचं. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्यानं मीटिंग. भिंतीवर चिठ्ठ्या लावायच्या, करायचं काय, चालू काय, झालं काय. त्यातल्या एका प्रकाराले स्क्रम म्हणतात, आणि हे दोन्ही सर्टिफिकेट त्याच्याच पहिल्या पायरीचे आहेत.

सीएसएममध्ये दोन दिवस वर्गात बसावंच लागते, ऑनलाइन चालते. मग पन्नास प्रश्न, सदतीस बरोबर आले की पास. दर दोन वर्षांनी रिन्यू करा. पीएसएमले वर्ग नाही लागत. स्क्रमचं फुकटचं पुस्तक इंटरनेटवर आहे, ते स्वतः वाचा. ऐंशी प्रश्न, साठ मिनिटं, शंभरात पंच्याऐंशी पाहिजेत. एकदा पास झाले की जन्मभर चालते. वर्गाचे पैसे जास्त आहेत, पण ते मी जमवले, तो प्रश्न नाही.

आता तुम्हीच सांगा. नाही तर मी पुन्हा मतदान घेतो.

तुमचा,
धम्मदीप


समता कॉलोनी
१२ ऑगस्ट २०२५

चि. धम्मदीप,

पुन्हा मतदान घेतलेस तर मी गट सोडीन आणि कारण लिहून सोडीन.

तुझे पत्र दोनदा वाचले. निर्णय सोपा आहे. पीएसएम. माझी बी.ए.ची पदवी १९७८ची आहे. सत्तेचाळीस वर्षांत एकाही माणसाने ती नूतनीकरण करून आणा असे म्हटले नाही. दोन वर्षांत जे नासते त्याला प्रमाणपत्र म्हणत नाहीत, दूध म्हणतात. शिवाय दोन परीक्षांपैकी एक अवघड आणि एक सोपी असेल, तर आपल्या घरातल्या माणसाने अवघड द्यायची. तुझे आजोबा रेल्वेत गँगमन होते. त्यांनी मला शिकवले ते मी सोपे घ्यावे म्हणून नव्हे.

दररोज सकाळी साडेपाच ते सात अभ्यास. पाळी असेल त्या दिवशी पाळीनंतर. दर आठवड्याला मला सराव परीक्षेचा आकडा कळवायचा.

जी वस्तू मी स्वतः तपासलेली नाही तिची शिफारस मी करत नाही. म्हणून तुझे ते पुस्तक संगणकावरून छापून घेतले आणि वाचले. पाने फारच थोडी आहेत. आमची रजेची नियमावली याहून जाड होती. पद्धत मला पटली. आपल्या विहाराचे सभागृह आश्विन पौर्णिमेच्या आत रंगवून व्हायचे आहे आणि समितीची सचिव मी आहे. तेव्हा ते काम याच पद्धतीने करणार. स्टेशनरीच्या दुकानातून पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांची चार पुडकी आणली आहेत. समितीचे सरासरी वय अडुसष्ट आहे, पण पुस्तकात वयाची अट दिसली नाही.

पद्मजा


उरला
१७ ऑगस्ट २०२५

आत्या,
जय भीम.

अभ्यास चालू आहे. चांगला चालू आहे. सराव परीक्षेत आकडे बरे येऊन राहिले.

इथं पाऊस थांबला की धूळ आणि धूळ थांबली की पाऊस. पुस्तकात लिहिलं आहे ते मले नवीन नाही वाटत. आमची शिफ्ट बदलते तेव्हा गेटवर मी, क्रेनवाले हिरालालभाऊ आणि लोडिंगवाले पाच मिनिटं उभेच असतो. कोणता ट्रक अडला, काहून अडला, कोण पाहणार, झालं. बसायले खुर्चीच नाही तर लंबी मीटिंग कशी होईल?

विहाराचं काय झालं ते लिहा. आई विचारून राहिली की पद्मजाताईले हे नवीन खूळ तुनं लावलं का. मी म्हटलं, मी तर फक्त विचारलं होतं.

धम्मदीप


समता कॉलोनी
२२ ऑगस्ट २०२५

चि. धम्मदीप,

तू आकडा लिहिला नाहीस. 'बरे' हा आकडा नाही.

विहाराचा अहवाल असा. पहिल्या सकाळी सर्वांना उभे राहायला सांगितले. अंजनाबाईंनी गुडघ्यांचे कारण सांगून स्टूल आणले. दुसऱ्या दिवशी सहा जणांनी स्टुले आणली. तिसऱ्या दिवशी चहा आला. पंधरा मिनिटांची सभा एक तास पन्नास मिनिटे चालली, आणि उभी फक्त मी होते. उभ्या माणसाकडे सगळे बघतात, म्हणून बोलावेही मलाच लागले.

पण चिठ्ठ्यांचे काम मी चोख केले होते. सभागृहाच्या पूर्वेकडच्या भिंतीवर तीन उभे भाग, प्रत्येक चिठ्ठीवर माझ्या अक्षरात एकेक काम, एकूण अठ्ठावीस. वर मोठ्या अक्षरांत सूचना लावली: 'चिठ्ठ्यांना कोणीही हात लावू नये. सचिव.'

मंगळवारी रंगारी नत्थू आला. मी दंतवैद्याकडे गेले होते. परत येते तो पूर्वेची भिंत निळी झालेली आणि त्यात अठ्ठावीस पिवळे चौकोन. त्याने प्रत्येक चिठ्ठीच्या भोवतीने, बारीक ब्रश घेऊन, कडेला थेंबही न लागू देता रंग दिला होता. मी चिठ्ठी काढली तर खाली जुना चुना. "अरे नत्थू, हे काय केलेस?" तर म्हणतो, "बाई, तुमीच तर लिहून ठेवलं, हात नोको लावू. मले सगळ्यात जास्त टाइम त्याच्यातच गेला."

सूचनेचा त्याने अक्षरशः मान राखला. रागवायला जागाच ठेवली नाही, याचा मला जास्त राग आला.

आता मुद्द्याचे. मी काल सराव परीक्षा दिली. शंभरात अठ्ठ्याऐंशी. तुझा आकडा परतीच्या टपालाने पाठव.

पद्मजा


उरला
२७ ऑगस्ट २०२५

आत्या,
जय भीम.

चिठ्ठ्यांची गोष्ट मी गेटवर वाचून दाखवली. हिरालालभाऊ इतके हसले की क्रेनवरून उतरावं लागलं. पण मग ते म्हणाले, "उस पेंटर को मीटिंग में बुलाया था क्या?" मले वाटते ते बरोबर बोलले. तुमची समिती सात जणांची, पण ब्रश ज्याच्या हातात तो एकही नाही. नत्थूभाऊले सकाळच्या सभेत उभं केलं असतं तर त्यानं पहिल्याच दिवशी सांगतलं असतं की बाई, मले ही भिंत मंगळवारी लागते, चिठ्ठ्या दरवाज्यावर लावा. रागावू नका. पुस्तकात हेच आहे ना, की काम करणारे आणि ठरवणारे वेगळे नको?

आत्या, एक सांगायचं आहे. मी सीएसएमच्या वर्गात नाव टाकलं. तेरा आणि चौदा सप्टेंबर. शनिवार-रविवार.

धम्मदीप


समता कॉलोनी
३० ऑगस्ट २०२५

धम्मदीप,

नाव टाकण्याआधी विचारले नाहीस, आकडाही कळवला नाहीस. म्हणजे अभ्यास केला नाहीस हे उघड आहे. अवघड वाट दिसली की सोपी धरायची ही सवय तुझ्या वडिलांची. त्याने डिप्लोमा दोनदा सोडला. दोन दिवस वर्गात पेंगायचे आणि वर्गात बसल्याचा कागद घरी आणायचा, याला मी शिक्षण मानत नाही.

ही परीक्षा अवघड नाही हे मी तुला दाखवून देते. मी स्वतः पीएसएमला बसते आहे. ५ सप्टेंबर, सकाळी दहा वाजता, घरच्या संगणकावर. निकाल तुला कळवीन. त्यानंतर तुला काय वाटायचे ते वाटू दे.

नत्थूला सभेत बोलावण्याच्या सूचनेची नोंद घेतली आहे. ती योग्य आहे. बाकी पत्र अयोग्य आहे.

पद्मजा


उरला
४ सप्टेंबर २०२५

आत्या,

हे तुम्हाले तुमच्या परीक्षेनंतर भेटेल. चांगलंच आहे.

माझा आकडा सत्तेचाळीस. आधी चव्वेचाळीस होता, त्याच्याआधी पन्नास. अकरा वेळा दिली. साडेपाच ते सात, रोज. आईले विचारा.

मले उत्तरं येतात, आत्या. प्रश्न येत नाही. मी इथल्या हिंदी शाळेत शिकलो, मराठी तुमच्याच्यानं वाचता येते, इंग्रजी नुसती ट्रकच्या बिल्टीपुरती, म्हणजे मालाच्या पावतीपुरती. प्रश्न चार ओळींचा असतो. तो मी हिंदीत करतो, मग समजते, मग चार उत्तरं हिंदीत करतो, तोवर सव्वा मिनिट गेलं. प्रश्नाले भेटते पाऊण मिनिट. शेवटच्या तीस प्रश्नांपर्यंत मी पोचतच नाही. वर्गात सर हिंदीतही समजावतात आणि हात वर करून विचारता येते. नंतरच्या परीक्षेत साठ मिनिटांत पन्नासच प्रश्न आहेत. म्हणून नाव टाकलं. पेंगायले नाही.

तुम्हाले काहून नाही सांगतलं? तुम्ही मले सातवीपासून इंग्रजी शिकवायले तीन उन्हाळे बसल्या होत्या. कसं सांगू की ते वाया गेलं?

बाबांचं नाव पत्रात नका लिहू. तुमची पत्रं आई पण वाचते.

धम्मदीप


समता कॉलोनी
८ सप्टेंबर २०२५

चि. धम्मदीप,
जय भीम.

क्रमाने लिहिते.

मी नापास झाले. पंच्याऐंशी हवे होते, सव्वाएक्याऐंशी मिळाले. ऐंशीपैकी पासष्ट बरोबर. तीन प्रश्नांनी गेले. आयुष्यात पहिल्यांदा. पेपर एकोणीस मिनिटे आधी संपवला होता, त्या वेळात मी चहा करून प्यायले, यावरून किती खात्री होती ते समज.

कोणते प्रश्न चुकले ते ते लोक सांगत नाहीत, पण मला ठाऊक आहेत. काम वाटून कोण देतो? अंदाज कोण करतो? काम अडले तर हुकूम कोणाचा? प्रत्येक ठिकाणी मी साहेब शोधला. उत्तरांत साहेब दिसला की त्याच्यावर खूण केली. पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे की काम करणारे आपले आपण ठरवतात. मी ते वाचले होते. त्याखाली रेघही मारली होती. फक्त विश्वास ठेवला नव्हता.

मला इंग्रजी येते आणि विषय येत नाही. तुला विषय येतो आणि इंग्रजी येत नाही. या घरात एका धड उमेदवाराची सामग्री आहे, पण ती दोन माणसांत विभागली आहे.

तुझ्या वडिलांबद्दल लिहिले ते मी मागे घेते. कांतावहिनीला तसे निरोपाने कळवले आहे. तीन उन्हाळ्यांत जर इंग्रजी रुजले नसेल तर दोष शिकवणारीचा. मी तुझ्याकडून क्रियापदे पाठ करून घेतली आणि एकदाही काही बोलू दिले नाही.

वर्ग घे. तुझ्या खोलीत मागे कारखाना वाजतो. तेरा आणि चौदाला माझी पुढची खोली तुझी. इंटरनेट चांगले आहे, पंखा आवाज करत नाही. मी स्वयंपाकघरात राहीन आणि मध्ये बोलणार नाही. वर्गाचा अहवाल मात्र नंतर लेखी हवा. तीस तारखेच्या आत तुला गेटवरून खुर्चीवर बसवायचे आहे. रोज संध्याकाळी एक तास फोन कर. होय, फोन. मी प्रश्न इंग्रजीत वाचीन, तू हिंदीत सांग त्याचा अर्थ काय. भोंगा वाजला तर वाजू दे.

पद्मजा


उरला
१६ सप्टेंबर २०२५

आत्या,
सविनय जय भीम.

तुम्ही म्हटलं म्हणून लेखी अहवाल. तुम्ही तिथंच होत्या तरी लिहितो.

शनिवारी सगळं ठीक चाललं. बावीस जण होते, भिलाई, इंदूर, एक पोट्टी दुबईवरून. सर म्हणाले, माइक सगळ्यांनी चालू ठेवा, मोकळं बोला. मग त्यांनी विचारलं, "टीम का काम अटक गया. सबसे पहले कौन सुलझाएगा?" मी तोंड उघडलं तोच मागून स्वयंपाकघरातून आवाज आला, "अधीक्षक!"

सर म्हणाले, "ये कौन बोला?" मी म्हटलं, "सर, बुआ हैं मेरी. रेलवे से रिटायर." सर म्हणाले, "बुआजी, अधीक्षक छुट्टी पर है. अब?" तुम्ही म्हणाल्या, "तो प्रभारी अधीक्षक!" दुबईवाली पोट्टी हसून-हसून कॅमेऱ्याच्या बाहेर गेली.

रविवारी सरांनी स्वतःच विचारलं, बुआजी आज नहीं हैं क्या. आणि तोच प्रश्न पुन्हा केला. तुम्ही दारात उभ्या राहून पीठ लागलेल्या हातानं म्हणाल्या, "पहले उन्हीं लोगों से पूछिए जो काम कर रहे हैं." बावीसच्या बावीस जणांनी टाळ्या वाजवल्या. मले तर लाज पण वाटली आणि कॉलरही टाइट झाली.

मी काल परीक्षा दिली. पन्नासपैकी चव्वेचाळीस. बारा मिनिटं उरली होती, मी चहा नाही केला. पास झालो, आत्या.

पण एक गडबड आहे. अकाउंट्समधला एक पोट्टा आहे, त्यालेही तीच जागा पाहिजे. त्याच्याजवळ दोन्ही सर्टिफिकेट आहेत. सीएसएम पण, पीएसएम पण. लॅमिनेशन केलेले. साहेब म्हणाले, दोघांशी पंचवीस तारखेले बोलतो.

धम्मदीप


समता कॉलोनी
१९ सप्टेंबर २०२५

चि. धम्मदीप,

चव्वेचाळीस. घरात सर्वांना सांगितले, नत्थूलाही. विहारात उत्तरेची भिंत त्याच्या सांगण्यावरून आधी घेतली आणि दोन दिवसांत संपली. तो आता सकाळच्या सभेला येतो आणि सभा बारा मिनिटांत उरकते, कारण त्याला कामाला जायचे असते.

मी स्वयंपाकघरातून बोलले हा आरोप पहिल्या दिवसापुरता मान्य आहे. दुसऱ्या दिवशी मला विचारण्यात आले होते.

त्या मुलाकडे दोन असू देत. मुलाखतीला जाताना कागदाची घडी करून खिशात घालू नकोस, फाइलमध्ये ने. आणि इंग्रजीत बोलायचा हट्ट धरू नकोस. साहेब हिंदीत विचारील तर हिंदीत सांग. जे येते ते सांग.

मला त्या दिवशी झोप येणार नाही, तेव्हा निकाल फोनवर कळवलास तरी चालेल.

पद्मजा


उरला
२७ सप्टेंबर २०२५

आत्या,
जय भीम.

फोनवर तुम्ही नुसतं "बरं" म्हणून ठेवून दिला. मग दहा मिनिटांनी पुन्हा करून विचारलं, "काय म्हणालास मघाशी?" म्हणून आता लिहूनच देतो: मी टीममध्ये आहे. एक ऑक्टोबरपासून.

साहेबांनी दोघांले एकच प्रश्न विचारला, पहिल्या दिवशी काय करणार. अकाउंट्सवाल्यानं इंग्रजीत पंधरा मिनिटं सांगतलं. चांगलं सांगतलं, खोटं काहून बोलू. मग मले विचारलं. मी म्हटलं, "सर, पहले दिन मैं क्रेन पर चढ़ूँगा. हिरालाल भैया से पूछूँगा कि कम्प्यूटर आया तो आपको बटन कहाँ चाहिए. नहीं तो हम सब कुछ बना देंगे और वो उसके चारों तरफ पेंट कर देंगे." साहेबांले समजलं नाही. मग तुमच्या भिंतीची गोष्ट सांगावी लागली. ते हसले, मग म्हणाले, "सर्टिफिकेट तो दोनों के पास है. यार्ड इसके पास है." दुसरा पोट्टा बाहेर येऊन मले म्हणाला, "यार, वो पेंटर का नंबर देना, घर में काम है."

तीस तारखेले दुपारी दोन वाजता मले गेट सोडायचं आहे. माझ्या जागी विशाल येणार, नवीन आहे. ऑफिसवाले म्हणतात, "चार्ज मुँहज़बानी दे दो."

धम्मदीप


समता कॉलोनी
२९ सप्टेंबर २०२५

चि. धम्मदीप,

तोंडी कार्यभार म्हणजे कोणी दिला नाही आणि कोणी घेतला नाही. उद्या मी दीड वाजता गेटवर येते. ऑटो सांगितला आहे. नोंद मी लिहीन, पण काय लिहायचे ते तू आणि विशालने सांगायचे. मी विचारीन, सांगणार नाही.

पद्मजा


कार्यभार हस्तांतरणाची नोंद

स्थळ: डिस्पॅच गेट, उरला. दिनांक ३० सप्टेंबर २०२५, दुपारी दोन.

श्री. धम्मदीप रामटेके यांनी श्री. विशाल यांच्या स्वाधीन पुढील गोष्टी केल्या:

गेट रजिस्टरे तीन. पैकी दोन भरलेली, एक चालू, पान ११२ पर्यंत.

शिट्टी एक. वाजवून पाहिली. वाजते. घेणाऱ्याने धुऊन घेतली.

छत्री एक, दोन काड्या मोडक्या. ट्रकचालकांना पावसात कागद घेऊन जाण्यासाठी. स्वतःसाठी नाही.

टॉर्च एक. सेल नवे.

वजनकाट्याच्या खोलीची किल्ली एक. कुलपात डावीकडून थोडी उचलून फिरवावी लागते. घेणाऱ्याने तीनदा फिरवून दाखवली.

थांबलेले ट्रक दोन. एकाचे कागद अपुरे आहेत. दुसऱ्याचे पूर्ण आहेत, चालक झोपला आहे. त्याला नावाने हाक मारावी, दार ठोकू नये.

कुत्री एक, नाव बिल्टी. कारखान्याच्या दप्तरात नोंद नाही. संध्याकाळी दोन बिस्किटे. निळ्या ट्रकांवर भुंकते, कारण समजलेले नाही. देणाऱ्याने या बाबीस वेळ घेतला.

देणार: धम्मदीप रामटेके (सही)
घेणार: विशाल (सही)
साक्षीदार: पद्मजा रामटेके (सही)

शेरा: कुत्रीने घेणाऱ्यास हुंगले. हरकत नोंदवली नाही.